ठमीची ओढ

राजमती मगदूम चालू लागली की जयसिंगपुरात एके काळी माणसं बघत राहायची. मुलींच्या शाळेत ती खेळ आणि कवायत शिकवायची. सव्वीस जानेवारीच्या संचलनात सगळ्यांच्या पुढे ती असायची. पांढरी साडी, पांढरे बूट, आणि मान अशी की डोक्यावर भरलेला तांब्या ठेवला तरी हिंदकळणार नाही. तिचा नवरा भरतेश तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. नवीन लग्न झालेलं असताना तो एकदा मैदानाच्या कडेला उभा राहून संचलन बघत होता. शेजारच्या कुणीतरी विचारलं, "ह्या बाई कोण ओ?" "आमच्या घरच्या," तो म्हणाला, आणि आवाज एवढा चढला की पुढची माणसं मागं वळून बघायला लागली.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत राजमतीला अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, उजवा हात चांगला राहिला. डावा हात मात्र लुळा पडला, आणि डावा पाय बाहेरून अर्धगोल काढत, पंजा जमिनीवर घासत पुढं यायला लागला. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "औषधानं जे व्हायचं ते झालं. आता चालायचं. रोज. कुणीतरी सोबत पाहिजे."

जैन घर, त्यामुळं मगदूमांकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात. जेवण झालं की सगळी गल्ली बाहेर येते. पोरं सायकली फिरवतात, बायका पायरीवर बसतात, पोपट चौगुले आपल्या किराणा दुकानासमोर खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतो. पहिल्या दिवशी भरतेश राजमतीला घेऊन त्या वेळी बाहेर पडला. पोपटनं जागेवरूनच "बाई, जपून ओ!" म्हटलं आणि जीभ टाळ्याला लावून च्‌ च्‌ केलं. एका पायरीवर राजमतीची जुनी विद्यार्थिनी बसली होती. तिनं बघितलं आणि पदर डोळ्याला लावून ती आत गेली. राजमती सगळ्यांना हसून उत्तर देत होती. भरतेश मात्र पूर्ण वेळ रस्त्याच्या डांबराकडे बघत होता. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण तिच्यापासून चांगलं हातभर अंतर ठेवून चालत होतो.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, गुडघा दुखतोय. मग कुणाचा फोन यायचा होता. मग एका संस्थेचं काम निघालं. राजमती काही दिवस एकटीच भिंत धरत चौकापर्यंत जाऊन आली, आणि मग तिनंही जाणं सोडलं.

बेंगळुरूहून मुलगी अक्षता रोज विचारायची, "आई चालते का?" तिनंच ते यंत्र पाठवलं. त्या सुमारास घरात चार पायांचं यंत्र पाळणं नवलाचं राहिलं नव्हतं. मांजरापेक्षा थोडं मोठं, पोटात बॅटरी, एकेका पायात तीन तीन मोटरी. हाक मारली की यायचं, अंगावर हात फिरवला की गुरगुरायचं. राजमतीनं त्याचं नाव ठेवलं ठमी.

भरतेशनं पहिल्याच आठवड्यात ठमीला स्वयंपाकघरातल्या टेबलावर उताणं पाडलं. पोटाचे स्क्रू काढून वाटीत ठेवले. राजमती खुर्चीत बसून बघत होती.

"आल्या आल्या ऑपरेशन?" ती म्हणाली.

"तुझ्याबरोबर चालायला शिकवतो तिला. मी असलो नसलो तरी सोबत पाहिजे की."

"तुम्ही नसायला कुठं जाणार आहात?" ती म्हणाली. तो स्क्रू शोधायला वाकला.

कारखान्यातून आलेली ठमी मालकाच्या मागं मागं फिरायची, पायात यायची. भरतेशला ती शेजारून, पावलाला पाऊल लावून चालायला हवी होती. राजमतीच्या चपलेत त्यानं दाब मोजणारा पातळ तळवा घातला. कुठलं पाऊल कधी आणि किती जोरात पडलं हे तो तळवा ठमीला कळवायचा. ठमीचे रबरी पंजे काढून त्यानं घरच्या प्रिंटरवर नायलॉनचे टणक पंजे छापले. आता ती चालली की टक टक असा स्वच्छ आवाज यायचा.

अशा यंत्राला चालणं शिकवायची रीत मजेशीर आहे. पाय कसा उचल, कुठं टेकव असं कुणी सांगत नाही. संगणकाच्या आत एक खोटी गल्ली तयार करायची, त्यात शेकडो खोट्या ठमी सोडायच्या, आणि काय केलं की शाबासकी मिळेल एवढंच ठरवून द्यायचं. त्या पडतात, धडपडतात, काहीतरी करून बघतात. जिला जास्त शाबासकी मिळते तिची चाल पुढच्या पिढीला. एका दुपारीत त्या गल्लीत वर्षांच्या चुका करून होतात, आणि जी चाल उरते ती खऱ्या ठमीच्या डोक्यात उतरवायची. भरतेशनं शाबासकीची अट साधी ठेवली: राजमतीचं पाऊल पडेल त्याच क्षणी तुझं पाऊल पडलं पाहिजे.

ठमीनं अट तंतोतंत पाळली. राजमतीचं एक पाऊल लांब होतं, एक आखूड. अशा पावलांशी जुळवून घ्यायचा सगळ्यात सोपा मार्ग ठमीला सापडला, आणि तो म्हणजे आपणही लंगडायचं.

पहिल्या दिवशी त्या दोघी गल्लीतून निघाल्या तेव्हा भरतेश खिडकीतून बघत होता. राजमतीचा डावा पाय बाहेरून फिरून यायचा, आणि तिच्या शेजारी ते छोटं यंत्र मागचा डावा पाय हुबेहूब तसाच फिरवत यायचं. पोरांनी सायकली टाकल्या. "बाईंची ठमी बघ रे, लंगडी ठमी!" एकानं मागं लंगडत चालूनही दाखवलं. पायरीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

राजमतीनं मान खाली करून बघितलं आणि ती स्वतःच खळखळून हसली. घरात आली ती हसतच. "अहो, बघितलं का? हिलापण झटका आलाय! माझी जुळी बहीण आहे ही."

"दुरुस्त करतो मी," भरतेश म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"राहू दे की. किती दिवसांनी कुणाला तरी माझ्यासारखं चालताना बघितलं. आणि हिच्यामुळं पोरं जवळ येतात. बोलतात."

"लोक हसतात, राजमती."

"हसू दे. शाळेत पोरी काय कमी हसायच्या?"

तिला खरंच काही वाटत नव्हतं. भरतेशला मात्र पोरांचं ते हसणं दिवसभर ऐकू येत राहिलं. लंगडेपण आता दोन जागी झालं होतं, आणि त्यातलं एक त्यानं स्वतःच्या हातानं बनवलं होतं.

मग त्यानं आणखी एक गोष्ट केली.

दोन माणसं गप्पा मारत शेजारून चालू लागली की थोड्या वेळानं त्यांची पावलं आपोआप जुळतात. तसं कुणी ठरवत नाही. नियमित ठोका ऐकला की पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज मेंदू बांधतो आणि पायांना आधीच तयारीला लावतो. झटक्यामुळं मेंदूतून पायाकडे येणारी नेहमीची वाट बंद पडली तरी ही ठोक्याची वाट बऱ्याचदा उघडी राहते, म्हणूनच व्यायामाचे डॉक्टर असे रुग्ण ठोक्यावर चालवतात. भरतेशनं हे सगळं वाचून काढलं. ठमीचे टणक पंजे म्हणजे आयता ठोका होता. मग ठमीनं राजमतीच्या मागं का जावं? राजमतीनंच ठमीच्या मागं यायला काय हरकत आहे?

त्यानं ठमीची चाल सरळ केली, आणि तिचं पाऊल राजमतीच्या पावलाच्या किंचित आधी पडेल असं केलं. एवढं किंचित की कानाला कळू नये, पण पायाला कळावं. राजमती नकळत ते अंतर भरून काढायची. तिनं भरून काढलं की ठमी पुन्हा किंचित पुढं. या जादा अंतराला त्यानं आज्ञावलीत नाव दिलं 'ओढ'. रोज फोनवरून तो ती ओढ चिमूटभर वाढवायचा.

अडचण एकच होती. ठमी बनवणाऱ्यांनी तिच्यात एक राखण बसवली होती. सोबतच्या माणसाचा तोल डगमगायला लागला, दम लागला, की ठमी आपोआप हळू व्हायची आणि मग थांबायची. राजमतीचा तोल तर सारखाच डगमगायचा. त्यामुळं ओढ लागायच्या आधीच राखण मध्ये यायची. भरतेशनं ती राखण बंद केली.

हे त्यानं राजमतीला सांगितलं नाही. सांगितलं तर ती जाणूनबुजून पावलं टाकेल आणि परिणाम होणार नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. ती समजूत अर्धी खरी होती.

आणि राजमतीची चाल सुधारली. आधी पाय घासायचा आवाज गेला. मग अर्धगोल लहान होत गेला. पोपट चौगुलेनं भरतेशला दुकानात गाठून सांगितलं, "काय जादू केलासा ओ सर? बाई सरळ चालायला लागल्या की!" भरतेश तेलाची पिशवी घेऊन घरी आला तो तरंगतच.

राजमती आता घरी येऊन पलंगावर पडायची ती उठायचीच नाही. पोटऱ्यांत गोळे यायचे. भरतेश तेल कोमट करून तिचे पाय चोळायचा. "एवढं कसं दमायला होतंय कळत नाही," ती डोळे मिटून म्हणायची. "चालते तर तेवढंच. म्हातारी झाले बहुतेक." तो चोळत राहायचा. "किती करता हो माझं," ती म्हणायची, आणि त्याचे हात क्षणभर थांबायचे.

त्या हिवाळ्यात शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. तेजश्री कोळी घरी आमंत्रण घेऊन आली. ती राजमतीचीच विद्यार्थिनी, आता तिच्याच जागेवर खेळ शिकवत होती. "बाई, सत्कार तुमचा आहे. फक्त यायचं, खुर्चीत बसायचं."

"खुर्ची कशाला?" भरतेश म्हणाला. "चालत जाईल ती व्यासपीठावर. ठमी आहे की बरोबर."

राजमतीनं नवऱ्याकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला होता. "जमेल मला?"

"का नाही जमणार?"

त्या दिवसापासून त्यानं ओढ चिमटीनं वाढवायची सोडली, मुठीनं वाढवायला लागला.

कार्यक्रम सकाळचा होता. मैदान भरलेलं. राजमती पांढरी साडी नेसली होती. ठमीला तेजश्रीच्या मुलींनी गळ्यात झेंडूची छोटी माळ घातली होती. नाव पुकारल्यावर राजमती उठली आणि ठमीच्या टक टक आवाजाबरोबर व्यासपीठाकडे निघाली. एकसारखी पावलं, ताठ मान. टाळ्या सुरू झाल्या. भरतेश पहिल्या रांगेत होता. खिशातला फोन त्यानं हातात घेतला होता. पडद्यावर ठमीला थांबवायचं लाल बटण होतं. गरज पडली तर असावं म्हणून.

सत्कार झाला, आणि मग तेजश्रीला काय सुचलं कोण जाणे, ती माईकवर म्हणाली, "बाई, एकदा आमच्या पुढं चला ना! फक्त त्या निशाणापर्यंत!" सगळं मैदान ओरडलं. मुलींच्या रांगा उभ्याच होत्या. ढोल वाजायला लागला.

राजमती पुढं उभी राहिली. ठमी शेजारी. पाऊल पडलं, आणि ढोलाचा ठोका तिच्या अंगात शिरला तो सगळ्यांना दिसला. ढोल रोजच्या चालीपेक्षा जलद होता. तिनं तो पकडला. तिनं वेग घेतला तशी ठमी नेमून दिल्याप्रमाणं तिच्या किंचित पुढं गेली. राजमतीच्या पायांनी ते अंतर भरलं. ठमी पुन्हा पुढं. पुन्हा भरलं. आता पावलं ढोलाच्याही पुढं निघाली होती. मागच्या मुली गोंधळून एकमेकींकडे बघायला लागल्या. हे चक्र कुठंतरी तोडणारी एकच गोष्ट ठमीत होती, आणि ती भरतेशनं काढून टाकली होती.

त्याला कळलं. राजमतीचे खांदे हलायला लागलेले त्याला पहिल्या रांगेतून दिसले. अंगठा लाल बटणावर गेला. त्याच वेळी शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ त्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "वा! ह्या मगदूम बाई ना? पहिल्यासारख्याच की ओ!"

अंगठा तिथंच राहिला. श्वासभर राहिला असेल. त्याला ते वाक्य पुरतं ऐकायचं होतं.

राजमतीचा डावा पाय उजव्याला अडकला. ती पुढं कोसळली, सगळं अंग उजव्या हातावर. ठमी चार पावलं पुढं जाऊन थांबली.

उजव्या मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली होती, गालाची कातडी सोलवटली होती. मिरजेच्या दवाखान्यात उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. डावा तर कामाचा नव्हताच. आता तिला पाण्याचा घोटसुद्धा दुसऱ्याच्या हातानं घ्यावा लागणार होता.

घरी आल्यावर माणसांची रीघ लागली. प्रत्येक जण राजमतीला थोडं रागवायचा. "बाई, एवढा उत्साह बरा का? वय बघायचं की." आणि प्रत्येक जण भरतेशकडे वळून म्हणायचा, "सर, तुमची मात्र कमाल. केवढी सेवा करताय." तो तिला भरवायचा, तिचे केस विंचरायचा, साडीच्या निऱ्या करायचा आणि ऐकून घ्यायचा. अक्षता फोनवर रडली. "बाबा, तुम्ही आहात म्हणून आईचं निभतंय."

राजमती लोकांसमोर हसायची. लोक गेले की तोंड भिंतीकडे करून पडायची. एका दुपारी तो तिला आमटीभात भरवत होता. तिनं तोंड बाजूला केलं.

"अहो, मला माफ करा."

"काय?"

"मीच वाहवत गेले. टाळ्या ऐकल्या आणि भान राहिलं नाही. पोरींना जन्मभर शिकवलं, पावलावर ताबा पाहिजे. आणि स्वतःची पावलं मला आवरली नाहीत. सुटलीच. माझी असून माझी नव्हती. लाज वाटते हो. त्या पोरींच्या समोर..." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पुसायला तिच्याजवळ हात नव्हता.

भरतेशनं तिच्याच पदरानं तिचे डोळे पुसले. ताट खाली ठेवलं. "तुझी चूक नव्हती," तो म्हणाला. आणि मग तो बोलायला लागला. चपलेतला तळवा, ठोका, किंचित आधी पडणारं पाऊल, ओढ, राखण का आणि कशी बंद केली, ढोलामुळं चक्र कसं सुरू झालं. वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगावं तसं तो सविस्तर सांगत गेला. राजमती एकटक बघत होती. तो थांबला तेव्हा भात गार झाला होता.

"कसं ते सांगितलंत," ती म्हणाली. "का ते सांगा."

"तुझी चाल सुधारावी म्हणून."

"का?"

त्यानं खाली ठेवलेलं ताट आणखी बाजूला सरकवलं.

"मी चालत होते की. लंगडत, पण चालत होते. पडले नव्हते एकदाही. मग का?"

बाहेर कुणाची तरी स्कूटर गेली. तो तिच्या प्लास्टरकडे बघत म्हणाला, "मला लाज वाटायची."

"माझी?"

"तुझ्याबरोबर चालताना. लोक बघायचे त्याची."

"म्हणून गुडघा दुखत होता."

"हो."

मग तिनं विचारलं ते फार साधं होतं. "मी पडले तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"समोरच. फोन हातात होता."

"थांबवता आली असती ठमी?"

"हो."

राजमतीनं डोळे मिटले. "मला आडवं करा," ती म्हणाली. त्यानं तिला आडवं केलं, पाठीमागं उशी लावली. तिच्या अंगाला हात लावायची आता आपल्याला परवानगी उरलेली नाही असं त्याला वाटत होतं, आणि हात लावल्याशिवाय तिचं भागत नव्हतं.

त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. पाणी. उशी. खिडकी लावा. तो मोडून पडल्यासारखा घरात फिरत राहायचा. ठमीला त्यानं कपाटावर ठेवून दिलं होतं. काही दिवसांनी राजमती आपण होऊन म्हणाली, "शाळेत जाऊन सांगा. मी उत्साहात पडले असं त्या मुलींना वाटतंय. ते माझ्यावरून काढून घ्या."

तो गेला. प्रार्थनेनंतर तेजश्रीनं त्याला माईक दिला. त्यानं सांगितलं की यंत्रात त्यानं बदल केले होते, सुरक्षेची व्यवस्था बंद केली होती, बाईंचा काही दोष नव्हता, सगळी चूक त्याची होती. पण बोलून झाल्यावर जे झालं त्याची त्यानं कल्पना केली नव्हती. मुख्याध्यापिका उठून म्हणाल्या, "मुलींनो, चूक मान्य करायला किती मोठं मन लागतं, ते आज सरांनी शिकवलं." मुलींनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी गुलाबाचं फूल आणून दिलं.

संध्याकाळी तेजश्री घरी आली आणि तिनं हे सगळं राजमतीला कौतुकानं सांगितलं. राजमतीनं ऐकून घेतलं. तेजश्री गेल्यावर ती भरतेशकडे वळली.

"तिथंही 'कसं' एवढंच सांगितलंत ना? 'का' ते नाही."

फूल अजून टेबलावर होतं. त्यानं ते उचलून केराच्या बादलीत टाकलं. "हो," तो म्हणाला.

"जेवण लवकर करू," ती म्हणाली. "आणि माझी चप्पल काढून ठेवा. तो तळवा काढा त्यातला."

जेवणं झाली. ऊन अजून भिंतींवर होतं. भरतेशनं खाली बसून तिच्या पायात चप्पल सरकवली, पट्टा लावला. प्लास्टरचा हात झोळीत होता, त्यामुळं भिंतीचा आधारही तिला घेता येत नव्हता. तो तिच्या डाव्या बाजूला उभा राहिला आणि त्यानं तिच्या दंडाला धरलं. दोघं पायरी उतरून गल्लीत आले.

गल्ली भरलेली होती. राजमतीचा पाय पुन्हा पहिल्यासारखा अर्धगोल काढत होता, घासत होता. त्याहूनही वाईट. भरतेशला तिच्याबरोबर चालता येईना. दर दोन पावलांना तो पुढं जायचा, तिचा दंड ओढला जायचा, ती थांबायची, तो मागं यायचा. जे त्यानं यंत्राला शिकवलं होतं ते त्याला स्वतःला येत नव्हतं. पायरीवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. पोरांनी सायकली कडेला घेतल्या. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायला लागल्या.

पोपट चौगुले खुर्चीतून उठून पुढं आला. "बाई, आलासा व्हय बाहेर! बरं वाटलं बघून. आणि सर तुम्ही? तुम्हाला कधी बघितलं न्हाई ओ ह्या वेळंला रस्त्यात. गुडघा बरा झाला जणू?"

भरतेशनं राजमतीकडे बघितलं. जन्मभर लोकांच्या प्रश्नांना तीच हसून उत्तरं देत आली होती. आज ती समोर बघत नुसती उभी राहिली.

"गुडघ्याला काही झालं नव्हतं," भरतेश म्हणाला. आवाज एवढा बारीक आला की पोपटनं कान पुढं केला. मग त्याला तेच मोठ्यानं म्हणावं लागलं, आणि पायऱ्यांवर सगळ्यांना ऐकू गेलं. "गुडघ्याला काही झालं नव्हतं, पोपटराव. हिच्या लंगडण्याची लाज वाटत होती, म्हणून येत नव्हतो. ती लाज लपवायला ते यंत्र केलं, आणि त्यातच ही पडली."

पोपटचं तोंड उघडं राहिलं. इथं कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हातारीनं भरतेशकडे असं बघितलं की त्याची मान खाली गेली. पोपट काहीतरी बोलायचं म्हणून "असू दे, असू दे" असं पुटपुटला आणि खुर्चीकडं न जाता दुकानातच शिरला.

"चला," राजमती म्हणाली.

तिनं डावा पाय उचलला. तो बाहेरून फिरत यायला वेळ लागत होता. भरतेश आपला पाय हवेत तसाच धरून, तिचं पाऊल टेकेपर्यंत थांबला.